अर्धांगवायु आणि घरचीं माणसें

ज्या घरांत वडीलधारीं माणसें आहेत, त्या घराला अर्धांगवायूचें भय अपरिचित नाहीं. पूजेस बसलेल्या गृहस्थांच्या हातांतील पळी एकाएकीं गळून पडावी, बोलतां बोलतां आजीबाईंची जीभ अडखळावी, आणि घटकाभरांत निम्में शरीर परक्यासारखें व्हावें, असा प्रसंग आपल्या आप्तेष्टांत कोणीं ना कोणीं पाहिलेला असतोच. मुंबईंत डॉ. पी. एम. दलाल व त्यांचे सहकारी यांनीं २००५ व २००६ या सालीं दीड लाखांहून अधिक वस्तीची पाहणी केली, तेव्हां दर लाख माणसांमागें वर्षाला सुमारें १४५ जणांस हा विकार झाल्याचें आढळलें. त्यांपैकीं शेंकडा तीसच्या आसपास रोगी अठ्ठावीस दिवसांच्या आंत दगावले. म्हणजे शेंकडा सत्तर वांचले. आणि या वांचलेल्यांपैकीं पुष्कळांचें पुढील आयुष्य घरच्या माणसांच्या हातीं आलें.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. वैद्यक हा त्याचा प्रांत नव्हे. परंतु या विकारासंबंधीं जें संशोधन गेल्या पाऊणशें वर्षांत झालें, त्यांतून प्रत्येक कुटुंबास कळावी अशी एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. ती अशी कीं, या रोगांत काळाचें माहात्म्य विलक्षण आहे. जी तत्परता पहिल्या तासांत तारक ठरते, तीच दुसऱ्या दिवशीं मारक होऊं शकते. आणि जो धीर तिसऱ्या महिन्यांत हवा, तो पहिल्या तासांत दाखविल्यास घात होतो. प्रेम सर्वच घरांत असतें. तें केव्हां कोणत्या रूपानें प्रकट करावें, याचें ज्ञान मात्र सर्वत्र असतें असें नाहीं.

नांवामागील कल्पना

चरक व सुश्रुत या दोघांनींही पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली आहे. शरीराचा एक पक्ष, म्हणजे एक बाजू, निकामी होते म्हणून पक्षाघात, आणि तें कर्म वायूचें म्हणून अर्धांगवायु. लक्षणांचें अवलोकन प्राचीनांनीं मोठ्या बारकाईनें केलें होतें. परंतु विकाराचें मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे, हें कळण्यास सतरावें शतक उजाडावें लागलें. १६५८ सालीं वेप्फर नांवाच्या स्विस वैद्यानें, या झटक्यानें मृत झालेल्यांच्या मेंदूंत रक्तस्राव झालेला असतो, असें शवविच्छेदनानें दाखविलें. पुढें १६६४ सालीं इंग्लंडांतील टॉमस विलिस यानें मेंदूच्या तळाशीं असलेल्या धमन्यांच्या कड्याचें वर्णन केलें. त्याच्या ग्रंथांतील चित्रें काढण्यास हात लावणारा ख्रिस्तोफर रेन हाच पुढें लंडनच्या सेंट पॉल मंदिराचा शिल्पकार म्हणून प्रसिद्धीस आला. या कड्याची योजना मोठी मार्मिक आहे. बागायतींत एक पाट तुंबला तर दुसऱ्या पाटानें पाणी फिरवून घ्यावें, त्याप्रमाणें एक धमनी कोंदली असतां दुसऱ्या धमनीचें रक्त तिकडे वळविण्याची ही निसर्गाची तजवीज होय. सर्वांच्या ठिकाणीं हें कडें पूर्ण नसतें. आणि म्हणूनच सारख्याच अडथळ्यानें एकाचें थोडें जातें व दुसऱ्याचें फार जातें.

आज आपण जाणतों तें थोडक्यांत असें. कांहीं रोग्यांत मेंदूंतील शीर फुटून रक्तस्राव होतो, तर बहुसंख्य रोग्यांत गुठळी अडकून धमनी बंद पडते. बाहेरून दोन्हींचें रूप एकच दिसतें. उपचार मात्र अगदीं परस्परविरुद्ध. १९७१ सालीं लंडनजवळील विंबल्डन येथें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें सीटी स्कॅन झालें, आणि जिवंत माणसाच्या कवटीच्या आंत काय घडलें आहे तें पाहण्याची सोय झाली. त्यापूर्वीं केवढ्याही निष्णात वैद्यास याचा निवाडा खात्रीनें करतां येत नसे. यासाठींच चित्र काढल्यावांचून घरच्या घरीं ॲस्पिरिनची गोळी देणें अनुचित होय. रक्तस्राव असेल तर तीच गोळी तो वाढविण्यास कारण व्हावयाची.

रक्ताचा पुरवठा आणि उपच्छाया

मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा दोन इतकेंच. परंतु शरीर विश्रांति घेत असतां लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदु खर्च करतो. आणि एवढा खर्चिक असूनही त्याच्याजवळ सांठा म्हणून जवळजवळ नाहींच. रोजच्या भिक्षेवर निर्वाह करणाऱ्या माधुकऱ्यासारखी त्याची स्थिति आहे. एक वेळ चुकली कीं उपवास. जिवंत व जागृत माणसाच्या मेंदूंतून किती रक्त वाहतें हें मोजण्याची रीत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें केटी व श्मिट् या दोघांनीं १९४५ च्या सुमारास बसविली. प्रौढ माणसांत दर मिनिटास मेंदूच्या प्रत्येक शंभर ग्रॅमांतून सुमारें पन्नास मिलिलिटर रक्त वाहतें, असें त्यांवरून ठरलें.

हा प्रवाह कमी होऊं लागला म्हणजे काय होतें? येथें या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा शोध आहे. प्रवाह विसाच्या आसपास उतरला कीं मेंदूच्या पेशी काम थांबवितात, पण मरत नाहींत. दहाच्याही खालीं गेला म्हणजे मात्र त्या लवकरच मरूं लागतात. १९७० नंतरच्या दशकांत आस्ट्रप, सायमन प्रभृति शास्त्रज्ञांनीं ही मधली अवस्था प्रयोगांनीं दाखवून दिली, आणि तिला ग्रहणांतील एक शब्द दिला: उपच्छाया. पंचांग पाहणाऱ्या वाचकांस छायाकल्प ग्रहण ठाऊक असेलच. चंद्रबिंब मंद होतें, परंतु पूर्ण अंधारांत जात नाहीं. गुठळीच्या अगदीं जवळचा भाग गडद छायेंत सांपडून थोड्याच वेळांत मरतो. त्याच्या भोंवतीं मात्र बराच मोठा प्रदेश उपच्छायेंत असतो. शेजारच्या बारीक वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर तो मूर्च्छित होऊन तग धरून राहतो. रोग्याचा हात हलत नाहीं, याचा अर्थ हात हलविणारा मेंदूचा भाग मेलाच आहे, असा नव्हे. तो कदाचित् अजून आपली वाट पाहत असेल.

परंतु तो फार वेळ वाट पाहत नाहीं. मोठी धमनी बंद झाली असतां दर मिनिटास सुमारें एकोणीस लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकन वैद्य जेफ्री सेव्हर यांनीं २००६ सालीं मांडला.

पहिले तास : त्वरा

१९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चांचणींत असें सिद्ध झालें कीं, लक्षणें दिसल्यापासून तीन तासांच्या आंत गुठळी विरघळविणारें औषध शिरेंतून दिलें असतां पुष्कळ अधिक रोगी स्वावलंबी होतात. २००८ सालीं ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेतां आली. २०१५ सालीं एकामागून एक अशा अनेक चांचण्यांनीं दाखवून दिलें कीं, जांघेंतील धमनींतून बारीक नळी वर नेऊन मेंदूंतील मोठी गुठळी बाहेर काढतां येते व त्याचा लाभ मोठा होतो. २०१८ सालीं तर, ज्यांची उपच्छाया अद्याप शाबूत आहे अशा निवडक रोग्यांना हा उपाय चोवीस तासांपर्यंत लागू पडतो, असेंही आढळून आलें. मात्र ही शेवटची सवलत कांहीं थोड्यांकरितां आहे. तिच्या भरंवशावर कोणींही स्वस्थ बसूं नये.

या सर्व साधनांचा उपयोग एका गोष्टीवर अवलंबून असतो, ती म्हणजे घरच्या माणसांची त्वरा. तोंड एका बाजूस वांकडें होणें, दोन्ही हात वर केले असतां एक खालीं येणें, वाणी जड वा असंबद्ध होणें, या तिहींपैकीं एकही गोष्ट एकाएकीं दिसली तर घड्याळाकडे पाहून वेळ लिहून ठेवावी. रुग्णालयांत पहिला प्रश्न हाच असतो कीं, रोगी पूर्ण बरा असा शेवटचा केव्हां दिसला होता? महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जपमाळेच्या मण्यांचा हा आंकडा लक्षांत ठेवणें कठीण नाहीं. "थोडें पडूं द्या, बरें वाटेल", "थोरल्यांना ऑफिसांतून येऊं द्या, मग ठरवूं", या विचारविनिमयांत कित्येक घरीं अमूल्य तास गेलेले आहेत. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, म्हणून मतेंही पुष्कळ. या एका बाबतींत मात्र जो जवळ असेल त्यानेंच निर्णय करावा. सीटी स्कॅनची व गुठळी विरघळविण्याची सोय असलेलें सर्वांत जवळचें रुग्णालय कोणतें, हें आजच विचारून भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें. कित्येकदां लक्षणें दहा-पंधरा मिनिटांत आपोआप नाहींशीं होतात; तरीही रुग्णालय टाळूं नये, कारण ती पुष्कळदां मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते.

आणखी एक गोष्ट. रक्तदाब वाढलेला पाहून घरांतील गोळी जादा देण्याचा मोह होतो. परंतु डेन्मार्कच्या लासेन यांनीं १९५९ सालीं दाखविल्याप्रमाणें, निरोगी मेंदु रक्तदाब थोडा चढला-उतरला तरी आपला प्रवाह सारखा राखतो. आणि आज आपणांस ठाऊक आहे कीं, झटक्यानंतर पीडित भागाची ही शक्ति जाते, व त्याचा प्रवाह सर्वस्वीं दाबावर विसंबून राहतो. दाब एकदम उतरविला तर उपच्छायेंतील प्रदेशाचें उरलेंसुरलें रक्तही तुटावयाचें. दाब किती व केव्हां उतरवावा हें डॉक्टरांनींच ठरवावें.

शरीरांतील सैन्य

आतां दुसऱ्या अंकाकडे वळूं. रक्ताचा प्रश्न पहिल्या तासांत बहुधा निकालांत निघतो. त्यानंतर रंगभूमीवर येतें तें शरीराचें संरक्षक सैन्य, म्हणजेच प्रतिकारशक्ति.

मेंदु हा शरीरांतील अंतःपुरासारखा आहे, बाहेरच्या सैनिकांस तेथें सहसा मज्जाव, अशी समजूत दीर्घकाळ होती. तिला आधारही होता. रक्त व मेंदु यांच्यामध्यें एक सूक्ष्म तट आहे. एर्लिश यानें १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तांत रंग सोडला, तेव्हां इतर अवयव रंगले पण मेंदु कोराच राहिला. अंतःपुराला स्वतःचे पहारेकरी मात्र आहेत. डेल रियो-ऑर्टेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानें १९१९ सालीं या लहान, पुष्कळ फांट्यांच्या पेशी निराळ्या ओळखून काढल्या. पुढें २०१५ सालीं मेंदूच्या वेष्टनांत लसीकावाहिन्या आढळल्या, आणि २०१८ सालीं उंदरांच्या कवटीच्या हाडांतील मगजापासून मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म वाटा दिसून आल्या. अंतःपुर समजतों तितकें एकांतांत नाहीं, हें यावरून निश्चित झालें.

झटक्यानंतर मेलेल्या पेशींतून जीं द्रव्यें सांडतात, तीं संकटाच्या नौबतीसारखीं काम करतात. पहारेकरी जागे होतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती चिकट होतात. कांहीं तासांतच पांढऱ्या रक्तपेशींची पहिली तुकडी येऊन दाखल होते. शत्रु कोणीच नसतो, तरी शस्त्रें चालूं लागतात. तट मोडतो, सूज वाढते, आणि वांचूं शकला असता असा कांहीं भागही या धुमाळींत बळी पडतो. मग या सैन्यास अडवूनच धरावें, असा विचार सुचणें स्वाभाविक होतें. तसें करणाऱ्या एका औषधाची चांचणी ६२५ रोग्यांवर झाली, आणि २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, औषध घेणाऱ्यांचीच स्थिति अधिक वाईट झाली.

पुढील संशोधनानें एक सत्य पुढें आणलें. हेंच सैन्य आठवडाभरानें ढिगारा उपसूं लागतें आणि नव्या बांधकामास जागा करून देतें. बोस्टन येथें उंदरांवर झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, तट मोडणाऱ्या एका पाचक द्रव्याचा विचार केला होता. पहिल्या दिवशीं जें द्रव्य नासधूस करतें, तेंच सातव्या दिवशीं अडविलें तर उंदरांची सुधारणा खुंटली. २०१९ सालीं जपानमधील शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, सैन्यास आवरणाऱ्या ज्या नियामक पेशी असतात, त्या उंदरांच्या मेंदूंत एक-दोन आठवड्यांनीं गोळा होतात व गेलेलें सामर्थ्य परत येण्यास साह्य करतात. अर्थात् उंदरांत जें दिसतें तें माणसांत जसेंच्या तसें घडेल असें नाहीं. परंतु सैन्य चांगलें कीं वाईट हा प्रश्नच अपुरा आहे, केव्हां हें विचारलें पाहिजे, एवढा बोध त्यांतून निश्चित होतो.

पहिले दिवस : संयम

याच काळांत आणखी एक विचित्र गोष्ट घडते. मेंदूंत सैन्याची गर्दी उसळलेली असतां उर्वरित शरीराचें संरक्षण दुबळें होतें. बर्लिन येथील संशोधकांनीं २००३ सालीं उंदरांत दाखविलें कीं, झटक्यानंतर भीतिसमयींचे मज्जातंतु अति जागृत होऊन लसीकापेशींचें बळ खच्ची करतात, आणि फुप्फुसांत जंतूंचा शिरकाव होतो. माणसांतही झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत फुप्फुसाचा दाह हें एक मोठें मृत्युकारण असतें. आधींपासूनच जंतुनाशक औषधें देऊन ठेवावीं काय, याची परीक्षा नेदरलंड्स व इंग्लंड येथें झाली. २०१५ सालच्या निष्कर्षांत रोग्यांच्या अंतिम स्थितींत त्यानें सुधारणा होत नाहीं असें ठरलें. तेव्हां घरच्यांची सावधगिरी हाच मोठा आधार उरतो.

झटक्यांत गिळण्याची क्रिया बहुधा बिघडते. घांस किंवा घोट अन्ननलिकेंत न जातां श्वासनलिकेंत उतरतो, आणि कित्येकदां ठसकाही लागत नाहीं. यासाठीं गिळण्याची परीक्षा होईपर्यंत रोग्याच्या तोंडांत पाणी, चहा, औषध यांपैकीं कांहींही घालूं नये. येथें आपल्या घरांतील एका नाजूक प्रथेचा उल्लेख केल्यावांचून गत्यंतर नाहीं. माणूस बेशुद्धसा दिसला कीं मायेपोटीं गंगोदक किंवा तीर्थ तोंडांत घातलें जातें. भाव पवित्र आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्याला गिळतां येत नाहीं, त्याच्या फुप्फुसांत तें पाणी जातें. प्रोक्षण मस्तकावर केलें असतां श्रद्धेस उणेपणा येत नाहीं, आणि रोग्यास अपायही होत नाहीं.

परवानगी मिळाल्यावर भरवावयाचें तें ताठ बसवून, लहान लहान घांसांनीं, न बोलतां व न घाई करतां. तोंड दिवसांतून अनेक वेळां स्वच्छ करावें. समाचारास येणाऱ्या मंडळींस, विशेषतः खोकला-पडसें असणाऱ्यांस, दारांतूनच नमस्कार करून परत पाठविण्याचें धैर्य घरांतील एकानें अंगीं बाणवावें. आणि "उठवा, चालवा, हातपाय मोकळे करा" या उत्साहासही आवर हवा. दोन हजारांहून अधिक रोग्यांच्या एका मोठ्या चांचणींत, पहिल्या चोवीस तासांतच वारंवार व फार उठविलेल्या रोग्यांची स्थिति तीन महिन्यांनीं इतरांपेक्षां कांहींशी कमी समाधानकारक आढळली (२०१५). उठवावयाचें आहेच, परंतु तें डॉक्टर सांगतील तेव्हां आणि तितकेंच.

पुढील महिने : पुनः श्रीगणेशा

मेलेल्या पेशी परत येत नाहींत. मग सुधारणा होते ती कशी? उपच्छायेंतून वांचलेला भाग शुद्धीवर येतो, सूज ओसरते, आणि शेजारचे भाग नवीन जोडण्या करून गेलेल्याचें काम शिकतात. हा शेवटचा प्रकार म्हणजे शब्दशः शिक्षण होय. शिक्षणाचे नियम शिक्षकास ठाऊक असतात: थोडें थोडें, रोज, ज्याचें त्यानेंच करून, आणि चुकांना न हंसतां. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते. परंतु पुढेंही ती थांबते असें नाहीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चांचणींत, झटका येऊन तीन ते नऊ महिने लोटलेल्या २२२ रोग्यांपैकीं एका गटाचा चांगला हात दोन आठवडे मोज्यांत बांधून ठेविला व दुबळ्या हातास कामास जुंपलें. त्या हाताचें सामर्थ्य इतरांच्या मानानें अधिक वाढलें, आणि तो लाभ वर्षभरानेंही टिकून होता. आपल्या घरांत नेमकें उलट घडतें. सदऱ्याची गुंडी आपण लावून देतों, पोळीचा तुकडा आपण मोडून देतों, आणि त्या हातास शिकण्याची संधीच मिळत नाहीं.

वाणी गेली म्हणजे बुद्धि गेली, ही समजूत तर फारच क्रूर आहे. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध गणितशिक्षकांस स्वतःच्या मुलाचें नांव घेतां येईना. परंतु कोणीं पाढा सुरू करून दिला कीं ते पुढचा पाढा बिनचूक म्हणत, आणि रामरक्षाही अडखळल्यावांचून पुरी करीत. हा चमत्कार नव्हे. तोंडपाठ झालेल्या गोष्टी, गाणीं व मोजणी पुष्कळ रोग्यांत शाबूत राहतात, हें वैद्यकास परिचित आहे. अशा माणसासमोर त्याच्याविषयीं तो जणू तेथें नाहींच अशा रीतीनें बोलूं नये. वाक्यें लहान ठेवावीं, उत्तरास वेळ द्यावा, आणि तो शब्द शोधीत असतां आपण तो चटकन् पुरवूं नये. सुमारें एक-तृतीयांश रोग्यांस पुढें उदासीनता ग्रासते. "हट्टी झाले आहेत" असें म्हणून तिची संभावना न करतां डॉक्टरांस सांगावें. तिच्यावर उपाय आहेत.

घरच्यांच्या श्रमांचें मोलही यथार्थ जाणून घ्यावें. भारतांतील १४ रुग्णालयांतून १२५० रोग्यांची एक चांचणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एका गटाच्या घरच्या माणसांस व्यायामाचें शिक्षण देऊन घरींच तो करवून घेण्यास सांगितलें होतें. सहा महिन्यांनीं मृत किंवा परावलंबी झालेल्यांचें प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा ४७ असें सारखेंच निघालें. यावरून घरची सेवा व्यर्थ, असा अर्थ कोणीं काढूं नये. घरच्यांस थोडें शिकवून सर्व भार त्यांजवर सोंपविल्यानें कार्य साधत नाहीं, एवढाच त्याचा बोध. जेथें डॉक्टर, परिचारिका व व्यायामतज्ज्ञ एकत्र मिळून या रोग्यांची व्यवस्था पाहतात, अशा स्वतंत्र कक्षांत अधिक रोगी वांचतात व अधिक जण स्वावलंबी होतात, हें अनेक देशांत दिसून आलें आहे. मिळत असेल तोंवर व्यायामतज्ज्ञांचें साह्य सोडूं नये, आणि बरें वाटूं लागलें म्हणून रक्तदाबाच्या गोळ्याही बंद करूं नयेत. दुसऱ्या झटक्याची वाट बहुधा तेथूनच खुली होते. ज्यांना अद्याप कांहीं झालेलें नाहीं त्यांनींही दाब मोजून घ्यावा, तंबाखु व मिश्री सोडावी, पापड-लोणच्यांचा हात आंखडता ठेवावा.

शेवटीं एक गोष्ट पुरुषवाचकांस उद्देशून. या आजारांत घर सेवा करतें असें आपण म्हणतों. प्रत्यक्षांत ती बहुतेक ठिकाणीं एकटी सून करते, किंवा सत्तरी गांठलेली पत्नी करते. रात्रीं कूस पालटणें, अंथरूण बदलणें, घांस भरविणें हें सर्व महिनोगणती एकाच माणसाकडून झालें तर तें माणूसही खचतें, आणि मग रोग्याचा सराव सर्वांआधीं थांबतो. तेव्हां कामें वांटून घ्यावीं. औषधांची वेळ एकानें पाहावी, व्यायाम दुसऱ्यानें करवून घ्यावा, संध्याकाळीं नातवंडानें आजोबांपुढें पाटी ठेवून एक ओळ गिरवून घ्यावी, आणि आठवड्यांतून एक रात्र तरी मुलानें स्वतः उशाशीं जागावें.